खालचा आकडा

"छप्पन्न मिनिटं अकरा सेकंद," दामोदरराव फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "ऐकलीस काय? छप्पन्न अकरा."

जयवंतीबाई तव्यावर तांदळाची अक्कीरोटी थापत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, पोरगी घरी कधी येणार? त्या क्षणी दामोदररावांना या प्रश्नात रस नव्हता. फोनवर मैसूरचा नकाशा उघडला होता. जयलक्ष्मीपुरमच्या त्यांच्या गल्लीतून निघालेली नारिंगी रेघ रिंगरोड ओलांडून येलवालच्या पुढे गेली होती आणि निलगिरीच्या बनामागच्या टेकडीवर वळणं घेत माथ्याला पोचली होती. सतरा किलोमीटर. रेघेखाली ठळक आकड्यांत छापलेलं होतं, छप्पन्न अकरा. मागच्या गुरुवारी सत्तावन्न चाळीस झाले होते. दामोदररावांनी अंगठ्याच्या चित्रावर बोट ठेवलं. आपल्या लेकीला शाबासकी देण्यात ते कधीही कुणाला पुढे जाऊ देत नसत. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात आकडा लिहिला आणि दोन पावलं मागे सरकून तो पाहिला.

लेक सुष्मा सायकलवरून माथ्यावर पोचली की ॲपमधलं बटण दाबून नोंद बंद करायची आणि तेवढ्यात इकडे घरी फोन वाजायचा. आठवड्यातले चार दिवस हे असं चालायचं. बाकीच्या दिवशी दामोदररावांना सकाळ लांबच लांब वाटायची.

मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ते टाइमकीपर होते. फाटकाशेजारच्या काचेच्या खोलीत बसायचं आणि कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला ते नोंदवायचं, एवढंच काम. पण ते त्यांनी असं केलं की माणसं त्यांना दुरून बघून पळत सुटत. तीन मिनिटं उशीर म्हणजे उशीर. बस बंद पडली, बायको आजारी, सासरा वारला, सगळं ते शांतपणे ऐकून घेत आणि लाल शाईचं पेन उघडत. सख्ख्या पुतण्याच्या नावापुढे त्यांनी एका महिन्यात चारदा लाल खूण केली, तेव्हापासून तो पुतण्या त्यांच्या घरची पायरी चढला नाही. याचं त्यांना वाईट वाटत नसे असं नाही, पण चूक आपली आहे असं मात्र कधी वाटलं नाही.

तरुणपणी ते सायकलवर वारा प्यायल्यासारखे सुटत. दसऱ्याच्या सायकल शर्यतीत काळ्या जड सायकलवर त्यांनी तिसरा नंबर काढला होता. पुढे स्कूटरवरून पडून डावा गुडघा निकामी झाला आणि सायकल सुटली. घराण्याचा अभिमान मात्र सुटला नाही. त्यांचे खापरपणजोबा मैसूरच्या घोडदळात होते. या गोष्टीला आता कुणी विचारत नसलं तरी दामोदरराव ती सांगत. "आमच्या घरात चढ बघून माघारी फिरलेला माणूस न्हाई," हे वाक्य सुष्मानं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की ते सुरू झालं की ती ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर पुरं करायची.

तीन वर्षांपूर्वी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मिलिंदनं तिला आपली जुनी माउंटन बाइक दिली. मिलिंद पुण्याचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आला आणि मैसूरच्या हवेला भाळून इथलाच झाला. दर रविवारी पंधरा-वीस सायकलवाल्यांना घेऊन तो रानावनात भटकत असे. ॲप त्यानंच सुष्माच्या फोनवर घातलं आणि दामोदररावांच्याही. किती चढलात, किती वेगानं, मागच्या खेपेपेक्षा पुढे की मागे, सगळं त्यात दिसे. नवा उच्चांक झाला की पडद्यावर छोटासा सोन्याचा चषक चमके. मिलिंद म्हणाला होता, "काका, आळस झटकायला याच्यासारखं औषध नाही. आकडा दिसला की पाय आपोआप फिरतात."

सुष्माचे पाय फिरले हे खरं, पण त्याहून जास्त फिरलं ते त्या घरातलं वारं. निवृत्तीनंतर दामोदरराव घरात कुणाशी काय बोलावं या विवंचनेत असत. दहावीनंतर लेकीशी त्यांचं बोलणं फी, परीक्षा आणि घरी यायची वेळ यांपलीकडे गेलं नव्हतं. आता ती सायकल लावून आत आली की ते स्वतः चहाचा पेला तिच्या हातात देत आणि बापलेक एकाच खुर्चीच्या दोन हातांवर कोपरं टेकून नकाशा बघत. तिसऱ्या वळणावर कुठला गिअर टाकलास, पाचव्याला खडी आहे तिथं उभी राहिलीस की बसून मारलंस, असल्या गप्पा दहा-पंधरा मिनिटं चालत. त्या टेकडीच्या वाटेला सात वळणं होती, म्हणून सायकलवाले तिला कानडीत 'एळु तिरुवु' म्हणत. दामोदररावांनी ती वाट डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती; पण तिचा प्रत्येक दगड आपल्याला माहीत आहे अशा थाटात ते बोलत.

पहिल्या आठवड्यात एक घोटाळा झाला होता. रिंगरोडच्या सिग्नलला सुष्मा तीन मिनिटं अडकली, पुढे म्हशींचा कळप आडवा आला, आणि हा सगळा वेळ ॲपनं तिच्याच माथी मारला. पोरगी तोंड पाडून घरी आली. दामोदररावांना ते सहन झालं नाही. चौतीस वर्षांत त्यांनी कुणालाही एक मिनिट सोडलं नव्हतं, पण लेकीच्या बाबतीत त्यांचा जीव कळवळला. कुणालाही न विचारता दोन दिवस ते ॲपमधल्या बारीक बारीक खुणा चष्मा चढवून उलगडत बसले आणि शेवटी त्यांना हवी ती कळ सापडली. सायकल थांबली की घड्याळ आपोआप थांबायचं आणि चाकं फिरली की पुढे चालू व्हायचं.

"सिग्नलचा टाइम आता तुझ्या डोक्यावर न्हाई, पुट्टी," त्यांनी लाडानं सांगितलं. "तू चालवतीस तेवढाच टाइम तुझा."

त्या दिवसापासून वरचा ठळक आकडा चालवण्याच्या वेळेचा झाला. निघाल्यापासून पोचेपर्यंतचा एकूण वेळ बोटानं पडदा वर सरकवला की तळाशी बारीक अक्षरांत दिसे. दामोदरराव पडदा वर सरकवत नसत.

या वर्षी जानेवारीत बहात्तर मिनिटं होती. मार्चमध्ये सहासष्ट, जूनमध्ये साठाच्या आत. जून-जुलैचा पाऊस अंगावर घेऊन पोरगी जात होती आणि आकडा उतरतच होता. सप्टेंबरच्या अखेरीस राज्याच्या संघाची निवड चाचणी होती, बैलकुप्प्याजवळच्या मातीच्या वाटांवर. नाव द्यायचं की नाही यावर घरात फारशी चर्चा झालीच नाही. दामोदररावांनी अर्ज भरला, कॅलेंडरवरच्या वेळा एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवल्या आणि तो कागद अर्जाला जोडून दिला. असला कागद कुणी मागितला नव्हता.

जयवंतीबाईंना आकड्यांतलं काही कळत नसे. त्यांना दुसरंच काही दिसत होतं आणि एका सकाळी त्या बोलल्या.

"पोरगी तीन उशा घेऊन झोपतीये. बसल्यासारखीच. स्वल्प विचारा की तिला."

"मोबाइल बघायला घेत असंल."

"जिना चढली की कठड्याला धरून उभी ऱ्हाती."

"सतरा किलोमीटर चढून येती ती. पाय दुखत न्हाईत व्हय? मंगळवारी सुट्टी देतो तिला."

त्यांनी खरंच मंगळवारची सुट्टी दिली आणि गुरुवारी आकडा पंचावन्नवर आला. बायकोला तो दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर, झालं ना समाधान, असा भाव होता. जयवंतीबाई पुन्हा रोट्यांकडे वळल्या. नवऱ्याशी वाद घालून त्या कधीच जिंकल्या नव्हत्या, कारण त्याच्याकडे नेहमी काहीतरी लिहिलेलं असे.

त्याच आठवड्यात नकाशा बघताना सुष्मानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पा, खालचा आकडा बघितलाव काय कधी?"

"त्यो कशाला बघायचा? त्यो सिग्नलचा टाइम, म्हशींचा टाइम. आपला टाइम वरचा."

ती त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिली. "हं. सुम्ने विचारलं," म्हणाली आणि चहाचा पेला धुवायला आत गेली. दामोदररावांना पुढे कित्येक महिने तो 'सुम्ने' शब्द आठवत राहिला. कानडीतला साधा शब्द, उगीच, सहज असा अर्थ. घरात दिवसातून वीसदा येणारा. तेव्हा मात्र त्यांनी त्याच्याकडे कानाडोळा केला.

चाचणीच्या दिवशी मिलिंदनं आपल्या गाडीमागे सायकल बांधली आणि सगळे पहाटेच बैलकुप्प्याला पोचले. मक्याच्या शेतांमधून गेलेल्या तांबड्या वाटा, मधेच खडा चढ, मधेच ओढा. पाच किलोमीटरच्या दोन फेऱ्या. जवळच्या तिबेटी मठातले दहा-बारा भिक्षू कडेला उभे राहून कौतुकानं सायकली बघत होते आणि त्यांतले दोघे-तिघे वळणांवर पाणी वाटायला नेमलेले होते. शेवटच्या रेषेवर लाल आकड्यांचं मोठं घड्याळ मांडलं होतं. दामोदररावांनी बरोबर त्याच्या समोरची जागा पकडली. मुलींमध्ये सुष्मा आठवी सुटली. पंचावन्नाच्या प्रमाणात त्यांनी मनाशी गणित मांडलंच होतं. बत्तिसाव्या मिनिटाला ती दिसायला हवी.

तेहतिसाव्या मिनिटाला बेळगावची एक मुलगी आली. पस्तिसाव्याला दोघी आल्या. दामोदरराव खुर्चीवरून उठले. चाळीस झाली तेव्हा सातजणी आलेल्या होत्या आणि त्यांनी स्वतःला सांगितलं की चेन तुटली असणार. पंचेचाळिसाला शेवटून दुसरी मुलगी आली आणि पंचांनी आपले कागद गोळा करायला सुरुवात केली. घड्याळ चालूच होतं. मिलिंद वाटेनं मागे धावत गेला होता. दामोदररावांना त्या लाल आकड्यांवरून नजर हलवता येईना, कारण नजर हलवली की वाट बघावी लागणार होती, आणि वाट रिकामी होती.

बासष्टाव्या मिनिटाला ती पायी आली. एक मध्यमवयीन भिक्षू तिची सायकल ढकलत होता आणि मिलिंदनं तिला दंडाला धरलं होतं. तिचे ओठ जांभळसर झाले होते. रेषेच्या अलीकडे ती थांबली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकली, आणि मग रेषा ओलांडून आली.

"चेन तुटली काय?" दामोदररावांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"मग पंक्चर?"

"न्हाई अप्पा," ती म्हणाली. मधे तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. "सायकल चांगली हाय."

मिलिंदनं तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. कधीपासून होतंय, असं तो तिला हळू आवाजात विचारत होता आणि ती जमिनीकडे बघून उत्तरं देत होती. थोड्या वेळानं त्यानं तिचा फोन मागून घेतला, मागच्या गुरुवारची नोंद उघडली आणि बोटानं पडदा वर सरकवला. मग त्यानं फोन दामोदररावांपुढे धरला.

"काका, घड्याळ आपोआप थांबायची कळ कोणी चालू केली?"

"मी."

"हा वरचा वेळ बघा, पंचावन्न. आणि हा खालचा. एक तास एकतीस मिनिटं." त्यानं नकाशा मोठा केला. "चढावर ती सहा ठिकाणी थांबलीय. तिसऱ्या वळणापाशी पाच मिनिटं, चौथ्यापाशी तर अकरा."

"पण टाइम कमी हुईत हुता," दामोदरराव म्हणाले. "जानेवारीपासनं. तू पण बघितलास की. तू पण अंगठा दिलास."

"दिला," मिलिंद म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "थांबून दम घेतला की पुढचा तुकडा जोरात जातोच, काका. जितकी जास्त थांबली, तितका वरचा आकडा चांगला दिसला."

म्हणजे पोरगी जितकी खचत गेली तितके आपण खूश होत गेलो, हे दामोदररावांना त्या मक्याच्या शेताच्या कडेला उभं असताना लख्ख कळलं. ते तिथंच धुळीत बसले. मागे पंच घड्याळाची वायर काढत होते.

मैसूरच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी छातीची तपासणी केली आणि पडद्यावर हलणारं हृदय आईबापांना दाखवलं. एक झडप आखडली होती. रक्ताला पुढे जायला वाट अपुरी पडत होती, म्हणून फुप्फुसात दाटी होऊन दम लागत होता. लहानपणी कधी ताप आला होता का, घसा दुखून, मग सांधे सुजले, आज गुडघा तर उद्या घोटा, असं काही?

जयवंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सुष्मा नऊ वर्षांची असताना तसंच झालं होतं. वाढत्या वयात हाडं दुखतातच असं म्हणून दामोदररावांनी तिच्या गुडघ्यांना स्वतः तेल चोळलं होतं आणि शाळा बुडू दिली नव्हती. दुखण्यातही पाठीवर घेऊन ते तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडत. त्या वर्षी एकही दिवस न चुकवल्याबद्दल तिला पूर्ण हजेरीचं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. हे सगळं त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, डबासुद्धा. सांगून काही उपयोग नव्हता, पण काहीही लपवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तो ताप झडपेला धरतो हे पुष्कळ घरांत कळत नाही, म्हणाल्या. मांडीच्या शिरेतून नळी घालून झडप फुग्यानं उघडता येईल, पोरगी बरी राहील, नोकरी करील, संसार करील. चालायचं, सपाटीवर सायकलही चालवायची. शर्यत मात्र आता नाही. चढ मारणं नाही.

फुग्याचं काम नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून दामोदररावांनी इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला. का सांगितलं नाहीस?

सुष्मानं छताकडे बघत उत्तर दिलं. "तुमी फोन घेऊन दारात उभे ऱ्हायचाव. अम्माकडं पळायचाव आकडा सांगायला, लंगडत. मी आली की तुमच्या हातानं चहा. मला थांबावंच लागत हुतं, अप्पा. जमतच नव्हतं. आणि थांबलं की आकडा चांगला येत हुता." तिनं मान त्यांच्याकडे वळवली. "एकदा विचारली तुमाला. तुमी म्हणालाव, आपला टाइम वरचा. मग वाटलं, ऱ्हाऊ दे."

दामोदरराव स्टुलावरून उठले. त्यांनी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

घरी आल्यावर, ती दुपारची झोपलेली असताना, त्यांनी जानेवारीपासूनच्या सगळ्या नोंदी एकेक करून उघडल्या. आता ते पडदा वर सरकवत होते. खालच्या आकड्यातून वरचा वजा करायचा, की तिचं थांबणं हाती येई. जानेवारीत आठ मिनिटं, तीही सिग्नलसकट. मार्चमध्ये सोळा, मग बावीस, मग छत्तीस. दोन दुपारी त्यात गेल्या. एकूण बेरीज एकोणचाळीस तास आणि काही मिनिटं आली. कारखान्याच्या हिशेबानं जवळजवळ पाच पाळ्या. पाच दिवस, सकाळच्या भोंग्यापासून सुटीच्या भोंग्यापर्यंत, त्यांची पोरगी रस्त्याच्या कडेला एकटी बसून श्वास शोधत होती आणि ते घरी टाळ्या वाजवत होते. त्यांनी कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं, पण ते टाकून द्यायचा धीर झाला नाही, म्हणून कपाटावर ठेवलं. जयवंतीबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चुकलं माझं." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि हे दोन शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते. जयवंतीबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. 

जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी सावकाश चढ चालायला परवानगी दिली. सुष्मा म्हणाली, मला एकदा एळु तिरुवुला जायचंय, चालत. दामोदरराव म्हणाले, मीही येतो. तिनं त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं, पण अडवलं नाही.

मिलिंदनं दोघांना पायथ्याशी सोडलं. ऊन कोवळं होतं. दामोदररावांच्या हातात काठी होती. वाट दामोदररावांनी मनात रंगवली होती तशी मुळीच नव्हती. ती अरुंद होती, उखडलेली होती आणि पहिल्या वळणानंतरच त्यांना दम लागला. सुष्मा त्यांच्या चालीनं चालत होती. दुसऱ्या वळणाला दोघांना थांबावं लागलं ते दामोदररावांसाठी. "इथं मी न्हाई थांबायची," ती म्हणाली. "तिसऱ्याला. त्यो सपाट दगड दिसतोय तिथं." तिसऱ्याला पोचल्यावर दामोदररावांनी त्या दगडावर नुसता हात ठेवला. पुढे चालायला लागल्यावर त्यांनी काठीवर भार जास्त टाकला होता.

चौथ्या वळणावर चिंचेचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी एक म्हातारी बाई पोत्याची घडी घालून बसली होती. खालच्या माळावर तिच्या वीस-पंचवीस शेळ्या चरत होत्या. सुष्माला बघताच तिचा चेहरा उजळला. "बंद्या, मगळे," ती म्हणाली, आलीस का गं पोरी. इतके महिने कुठं होतीस, मी रोज वाट बघितली, मला वाटलं काय झालं कोण जाणे. हे सगळं ती कानडीत बोलत होती आणि बोलता बोलताच बाजूला सरकून तिनं पोत्याची अर्धी जागा मोकळी केली. सुष्मा तिथं बसली. म्हातारीनं आपलं फडक्याचं बोचकं उचलून सुष्माच्या मांडीवर ठेवलं, कोपरं टेकवून पुढे वाकता यावं असं, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मग तिच्या लक्षात आलं की आज पोरीला दम लागलेला नाही. ती हसली, बोचकं मात्र तिनं तिथंच राहू दिलं.

दामोदरराव काठी टेकून उभे होते. मांडीवरचं ते बोचकं, पाठीवरचा तो हात, हे सगळं करायला त्या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं बघितलं होतं, एवढंच.

"हे कोण?" म्हातारीनं विचारलं.

"नम्म अप्पा," सुष्मा म्हणाली. "अप्पा, ही निंगम्मा."

निंगम्मानं दामोदररावांकडे वर पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, पण सांगायचं ते सांगून टाकावं असा भाव होता. मी हिला दर वेळी म्हणायची, घरी सांग गं, घरी आईबाप आहेत ना तुला? ही म्हणायची, सांगते.

दामोदररावांनी काठी झाडाला टेकवली आणि तिच्यापुढे हात जोडले. त्यांना आभार मानायचे होते, माफी मागायची होती, पण चौतीस वर्षं ज्या माणसानं जगाला एकच प्रश्न विचारला होता त्याच्या तोंडून तोच प्रश्न बाहेर पडला. त्यांनी कानडीत विचारलं, "किती वेळ बसायची ती इथं?"

निंगम्माच्या हाताला घड्याळ नव्हतं. तिनं माळाकडे हात केला. "त्या झुडपापासनं शेळ्या चरत निघाल्या," तिनं सांगितलं, "की त्या बाभळीपर्यंत जाईस्तोवर. कधी कधी बाभूळ ओलांडून बांधापर्यंत."

दामोदररावांनी झुडूप बघितलं, बाभूळ बघितली. मधे मोठा माळ पसरला होता. शेळ्या झुडपाशी नुकत्याच आल्या होत्या. एकेक पान निवडून, मान वर करून, पुन्हा खाली घालून सावकाश खात होत्या. त्यांना कसलीही घाई नव्हती.

"अप्पा, जाऊया काय वर?" सुष्मानं विचारलं.

"बस," ते म्हणाले. "त्या बाभळीला पोचू दे."

दुखऱ्या पायाला हातानं आधार देत ते लेकीच्या शेजारी मातीत बसले. फोन त्यांनी घरीच ठेवला होता.  बराच वेळ गेला. ऊन झाडाखाली सरकत त्यांच्या पायांपर्यंत आलं. दामोदररावांनी पुन्हा माळाकडे पाहिलं, तर शेळ्या अजून झुडपापाशीच होत्या.